ठकी आणि मोठी

(दुपार. आईची एका खोलीची जागा. मोरीत मोठी लेक गाऊन धुतेय. दाराशी स्टुलावर आई. कोपऱ्यात टॉवेलखाली झाकलेलं बादलीएवढं छोटं वॉशिंग मशीन.)

मोठी : पडलंच ना बंद? पहिल्याच दिवशी म्हटलं होतं मी.

आई : म्हटलं होतंस.

मोठी : काय म्हटलं होतं?

आई : आता तेही मीच सांगू?

मोठी : सांग की. तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटेल.

आई : बादलीला वायर लावली म्हणून तिचं मशीन होत नाही, असं म्हणालीस.

मोठी : मग? झालं का?

आई : नाही झालं. तू खरी. आता गाऊन पीळ आणि ऊठ, दुकान उघडायची वेळ होईल तुझी.

मोठी : होऊ दे. शिवणाचं दुकान आहे, तुझा हॉस्पिटलातला वॉर्ड नाही. एखाद्याची पँट जरा उशिरा आखूड झाली तर कोणी दगावत नाही. आणि हा टॉवेल कशाला पांघरलायस तिच्यावर?

आई : धूळ बसते.

मोठी : बंद पडलेल्या वस्तूवर धूळ बसली तर काय बिघडलं? मागे मला इथे ताप भरला होता तेव्हा पांघरूण शोधत होतीस, शेवटपर्यंत सापडलं नाही. हिला मात्र लगेच टॉवेल.

आई : तुला माझा स्वेटर दिला होता.

मोठी : तोही मीच धुतलेला. आणि काय ते नाव, ठकी! दारात आली नाही तोच बारसं झालं तिचं. मला आयुष्यात कधी लाडाचं नाव ठेवलं नाहीस.

आई : तुला मोठी म्हणते की.

मोठी : मोठी हे नाव नाही आई, तो नंबर आहे.

आई : मग धाकटी तरी कुठे नाव आहे?

मोठी : धाकटी म्हणताना तुझा आवाज कसा होतो, ऐकलायस कधी? साखर विरघळावी तसा. मला हाक मारतेस ती वॉर्डबॉयला मारल्यासारखी.

आई : वॉर्डबॉय ऐकायचे तरी.

मोठी : बघ! हेच. हेच म्हणते मी.

आई : बाह्या जास्त घासू नकोस, जुना आहे तो.

मोठी : तुझा मनगटाचा घोळ झाल्यापासून तुझे कपडे कोण धुतंय? मी. आता बाह्या कशा घासायच्या ते मला शिकव. नशीब, ठकीला शिकवत नव्हतीस. तिच्यापुढे तर नुसती बसून राहायचीस, स्टूल ओढून, झाकणातून आत बघत. मी आले, जिना चढून, घामाघूम, तर म्हणे, थांब जरा, आता उलटी फिरेल ती!

आई : फिरायची. छान दिसायचं. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. साबणाचा फेस झाकणापर्यंत यायचा आणि परत खाली.

मोठी : माझ्या हाताखाली काय फेस येत नाही?

आई : येतो.

मोठी : मग माझ्यापुढे नाही कधी स्टूल ओढून बसलीस ते.

आई : आत्ता कशावर बसलेय?

मोठी : आत्ता ती बंद आहे म्हणून बसलीस. कधीपासून बंद आहे म्हणालीस?

आई : तू ती चादर कोंबलीस ना तिच्यात, तेव्हापासून कुरकुरत होती. मग गप्पच झाली.

मोठी : कोंबली नाही. घातली. मशीन म्हणवतं तर चादर धुता यायला हवी.

आई : दोन माणसांच्या पलंगाची चादर! ती बिचारी एक गाऊन आणि एक टॉवेल घेतला की पोट भरणारी. सगळी मोरीभर नाचली, पाइप निसटला, पाणी बाहेर पलंगाखाली गेलं.

मोठी : मला काय माहीत तिचं पोट केवढं ते?

आई : झाकणावर चित्र काढलंय.

मोठी : मी चित्रं बघून कपडे धुवायला शिकले नाही. आणि त्यानंतर मी आले नाही ना मधे, ते काही रुसून नव्हे. गणवेश आले होते शिवायला.

आई : गणवेश? शाळा सुरू होऊन किती महिने झाले.

मोठी : मुलं वाढतात मधेच.

आई : वाढतात खरी. काही मुलं मात्र पन्नाशीला आली तरी वाढत नाहीत.

मोठी : हो, बोल. मला बोलायला तुला कुठे काही वाटतं. धाकटीला बोलशील? ती वर्षातून एकदा येणार, बॅग दारात ठेवणार, की तुझी धावपळ. नवी चादर काढ, चांगला कप काढ. मी आले की माझ्यासाठी काय काढलेलं असतं? बादली! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय उगाच?

आई : झालं सुरू.

मोठी : होऊ दे सुरू. पहिल्यापासून हेच आहे. माझे केस आठवतात? कमरेपर्यंत यायचे. तुझी सकाळची ड्यूटी, वेणी घालायला वेळ नाही, म्हणून कात्री घेऊन कानापर्यंत कापून टाकलेस. मुलगा, मुलगा म्हणून चिडवायचे मला वर्गात. आणि हिच्या वेळेला? हिला रोज दोन वेण्या. वर रिबिनी. कॉलेजात जाईपर्यंत!

आई : तिच्या वेळेला मला दुपारची ड्यूटी मिळाली होती.

मोठी : तिच्या वेळेला सगळंच मिळालं होतं.

आई : मोठे, पाणी वाया चाललंय. नळ बंद कर.

मोठी : केला. ... आई.

आई : काय?

मोठी : हे पाणी बघ.

आई : काय बघायचंय पाण्यात?

मोठी : स्वच्छ आहे.

आई : मग चांगलंच आहे की. हात चांगला आहे तुझा.

मोठी : हात गेला खड्ड्यात. तुझ्या गाऊनचं पहिलं पाणी मला माहीत नाही? चहाच्या रंगाचं येतं. गळ्याला बामाचा पिवळा पट्टा असतो, तो साबणाच्या वडीनं उभा-आडवा घासला तरी पुरता जात नाही. आज पट्टाच नाही.

आई : काल बाम लावला नाही मी.

मोठी : बाम न लावता तू झोपशील? जग बुडालं तरी आधी बाम लावशील. आणि हा वास. हा माझ्या वडीचा वास नाही. फुलाफुलांचा वास येतोय गाऊनला. हे ते बाटलीतलं, धाकटीनं मशीनबरोबर पाठवलेलं.

आई : बाटली सांडली असेल बादलीत.

मोठी : सांडली असेल! आणि काल? कालचा टॉवेलही असाच होता. मला वाटलं, आई आता फार कपडे मळवत नाही. वाईट वाटलं मला, म्हटलं, हिचं हिंडणंफिरणं कमी झालं. आई, माझ्याकडे बघ. हा गाऊन आधीच धुतलेला आहे का?

आई : फोन वाजतोय माझा.

मोठी : वाजू दे.

आई : अगं, धाकटीचा असेल. नंतर करते म्हणून सांगते तिला. माझा चष्मा कुठे...

मोठी : बस तू. मी घेते. स्पीकरवर टाकते, नाहीतरी तुला तसं ऐकू येत नाही. हं, बोल.

धाकटी : आई! ऐक ना, दोनच मिनिटं आहेत, काउंटरवर कोणी नाहीये आत्ता. सकाळी तुझा फोन आला तेव्हा मागे ठकीचा काय मस्त आवाज येत होता गं! घर्रर्र, घर्रर्र. धुतलेस ना सगळे? जमतंय ना?

आई : धाकटे, नंतर बोलू.

धाकटी : आणि ते कपडे वेगळे घातलेस ना? आधी ते, मग गाऊन. आणि एक, ताईला सांगितलंस का अजून? सांगून टाक गं. किती दिवस लपवणार आहेस?

मोठी : काय लपवणार आहे?

धाकटी : ... ताई?

मोठी : हो. ताईच. हात ओले आहेत माझे, सकाळी ठकीनं धुतलेला गाऊन दुपारी परत धुतेय म्हणून. काय लपवायचंय माझ्यापासून?

धाकटी : आई, तू सांगायचं ना ताई आहे म्हणून!

आई : सांगू कधी? तू आगगाडीसारखी सुरू झालीस.

धाकटी : एक मिनिट हं... नमस्कार सर, वेलकम, खोलीची किल्ली देते, लिफ्ट उजवीकडे... हं, बोला. नाही, नका बोलू. मी ठेवू का?

मोठी : ठेवायचा नाही. दोघी मिळून माझा पोपट करताय आणि वर फोन ठेवतेस? आई, मशीन चालू आहे ना?

आई : आहे.

मोठी : बंद पडलंच नव्हतं.

आई : एक दिवस पडलं होतं, तुझ्या चादरीनं. वाळल्यावर झालं सुरू.

मोठी : आणि तू रोज सकाळी तिच्यात कपडे धुतेस, आणि मी यायच्या आत तेच बादलीत भिजत घालतेस. माझ्यासाठी. लहान मुलाला लाटायला पिठाचा गोळा देतात ना, तसं. घे बाई, तूही कर!

आई : तसं नव्हे.

मोठी : मग कसं? मी वेडी आहे? कंबर धरून तो जिना चढते मी. सगळं दुकान जेवून आडवं पडतं तेव्हा मी इथे पालथी असते. कशाला, तर स्वच्छ गाऊन घासायला!

आई : चादरीच्या प्रकारानंतर तू आत तरी आलीस का?

मोठी : गणवेश...

आई : गणवेशाचं मला सांगू नकोस. तू दारातूनच दोरीवरचे कपडे बघितलेस. म्हणालीस, आता माझं काय काम इथे, आणि चपलासुद्धा न काढता परत गेलीस. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी गॅलरीत उभी. शेवटी फोन करून म्हटलं, बंद पडली गं ठकी, गाऊन साचलेत. तासाभरात हजर झालीस. शीळ घालत चढलीस जिना. मी ऐकली शीळ.

मोठी : शीळ नव्हती. दम लागला होता.

धाकटी : ताई, दम लागल्यावर गाणं येत नाही.

मोठी : तू गप्प बस! तुझ्यामुळे झालंय सगळं. दुरून डोंगर साजरे. पैसे टाकले, खोकं पाठवलं, झाली लाडकी. आणि ते कपडे, ते कपडे काय चाललंय? कुठले कपडे?

धाकटी : आई, सांग आता.

आई : तूच सांग.

धाकटी : मी नाही. तुझं तू.

मोठी : कोणीतरी सांगा! तिला माहीत आहे, ठकीला माहीत आहे, मीच काय ती परकी.

आई : ओरडू नकोस. खालचे काकासुद्धा स्पीकरवरच आहेत. ... हल्ली बाथरूमपर्यंत पोचायला उशीर होतो मला. नेहमी नाही. कधी कधी. जोरात शिंक आली तरी होतं.

मोठी : ... कधीपासून?

आई : बरेच दिवस झाले. डॉक्टरांना दाखवलंय. औषध चालू आहे, व्यायाम दिलाय, होईल कमी. धाकटीनं तिकडून नंबर लावून दिला होता.

मोठी : नंबरही तिनंच लावला! दवाखान्यात कोणाबरोबर गेलीस?

आई : एकटी. रिक्षानं.

मोठी : मी दोन गल्ल्या सोडून राहते आई. दोन गल्ल्या. आणि तू एकटी जातेस, आणि सांगतेस कोणाला? जिला तुझ्या जिन्याला पायऱ्या किती तेही ठाऊक नाही तिला?

धाकटी : ठाऊक आहेत मला.

मोठी : गप्प म्हटलं ना! तिला सांगितलंस आणि मला नाही. का? मी नाक मुरडलं असतं? आजवर कधी मुरडलं?

आई : नाही मुरडलंस. म्हणून तर.

मोठी : म्हणजे?

आई : सगळं आयुष्य वॉर्डात काढलं मी. लोकांच्या चादरी बदलल्या. एक गोष्ट तिथेच कळली मला. जी सिस्टर रोज अंग पुसते, कपडे बदलते, तिला पेशंट काही सांगत नाही. सांगतो कोणाला, तर बदलीवर आलेल्या, उद्या न दिसणाऱ्या बाईला. मला राग यायचा. म्हणायचे, मेल्या, करते मी आणि सांगतोस तिला? आता कळलं. जिच्या हातात ते कपडे जायचे तिलाच कसं सांगायचं गं? तिच्याकडे मग बघायचं कसं?

मोठी : मी काय सिस्टर आहे?

आई : नाही ना. लेक आहेस. मला तुझी पेशंट व्हायचं नव्हतं. म्हणून धाकटीला म्हटलं, काहीतरी छोटंसं बघ, माझ्या मनगटाला झेपेल असं. दोन कपडे घातले, बटण फिरवलं, संपलं. कोणाच्या हाताला लागायला नको.

मोठी : आणि मग गाऊनही घालायला लागलीस.

आई : मजा वाटायला लागली. खोटं कशाला बोलू? फिरताना बघून बरं वाटतं. तेवढं तरी माझं मी केलं, असं वाटतं.

मोठी : मला वाटलं, तुला माझं धुणं आवडेनासं झालं.

आई : तुझं धुणं मला कधीच आवडलं नाही. गाऊनची बटणं तोडतेस पिळून पिळून.

मोठी : ... आई!

आई : तू येतेस ते आवडतं. धुणं आपलं असू दे म्हटलं.

धाकटी : ताई, रडतेयस?

मोठी : साबण गेलाय डोळ्यात.

धाकटी : ताई, एक सांगू? चिडू नकोस. मला तुझा किती हेवा वाटतो माहीत आहे?

मोठी : माझा? बादलीचा हेवा वाटतो तुला?

धाकटी : हो, बादलीचा. आई मला कधी ओरडते का? कधी नाही. छान आहे, बरी आहे, तू कशी आहेस, काळजी घे. पाहुणीला कोणी ओरडतं का? आत्ता ती म्हणाली ना, बटणं तोडतेस, तसं मला एकदा तरी म्हणू दे. नवी चादर काढते माझ्यासाठी! मला तिच्या त्या जुन्या, मऊ चादरीवर झोपायचं असतं, ज्यावर तू येऊन लोळतेस. ... गुड आफ्टरनून मॅडम, हो हो, लगेच बघते... ठेवते गं. ताई, ठकीला चादर घालू नकोस पुन्हा.

मोठी : ठेव. आणि ऐक, ते फुलाफुलांचं पाठवू नकोस. आईला शिंका येतात त्यानं. फोनवर दिसतात का तुला शिंका?

धाकटी : नाही दिसत. ... बघ, म्हणून तर हेवा वाटतो. ठेवते.

आई : ठेवला तिनं?

मोठी : ठेवला. पायऱ्या माहीत आहेत म्हणे!

आई : विचारायच्या होत्यास.

मोठी : बरोबर सांगितल्या असत्या तर? मला नाही चालणार ते.

आई : तो गाऊन दे इकडे. टाकते दोरीवर.

मोठी : मी टाकते. दोनदा धुतलाय, एवढा स्वच्छ तर नवा होता तेव्हाही नसेल. ... आई, उद्या बादली भरून ठेवू नकोस.

आई : बरं.

मोठी : बरं काय? विचार ना, मग येणार का म्हणून.

आई : येणार का?

मोठी : येणार. माझ्या वेळेला लाव ठकी. सकाळी नाही. सकाळी तिच्याबरोबर फोनवर बोलत लावतेस आणि मला उरलेलं पाणी. बघू तरी, उलटी फिरते म्हणजे काय करते एवढं.

आई : सगळं नाही लावता येणार तुझ्यासमोर. आधी ते कपडे असतात. मला नाही आवडणार तू बघितलेलं.

मोठी : नाही बघणार. तू ते घालशील, झाकण लावशील, ते धुऊन निघतील, तोवर मी तुझ्याकडे पाठ करून बसेन.

आई : पाठ करून?

मोठी : हो. इथेच, खाली, तुझ्या स्टुलापुढे. मग गाऊन तिच्यात टाकलास की सांग, तेव्हा वळेन.

आई : ते फिरायला वेळ लागतो थोडा.

मोठी : लागू दे.

आई : तेवढ्यात वेणी होईल एक तुझी.

मोठी : ... मनगट दुखेल तुझं.

आई : पिळताना दुखतं. वेणीला नाही दुखत. आता आहेत का पण केस एवढे?

मोठी : आहेत. पांढरे आहेत, पण आहेत.

आई : मग फणी घेऊन ये उद्या. माझ्या फणीचे दात गेलेत.

मोठी : आणते. आई...

आई : आता काय?

मोठी : दोन घाल. तिला दोन घालायचीस.